ठोका नेमका कुठे चुकतो?

ढोलकीचा ट्रॅक वाजवून झाला. स्क्रीनवर बहुतेक ठोके रेषांच्या आसपास दिसतात, पण गाण्याबरोबर लावून ऐकलं की ढोलकी मागे ओढते आहे असं वाटतं. कधी याच्या उलट होतं. वाजवताना सगळं जागेवर पडत होतं आणि रेकॉर्ड झालेल्या नोटा मात्र रेषांपासून लांब दिसतात. घरी गाणी करणारे, ऑर्केस्ट्रासाठी कराओके ट्रॅक बनवणारे, मालिकेचं पार्श्वसंगीत एका रात्रीत पुरं करणारे अरेंजर, या सगळ्यांना हे कधी ना कधी भोगावं लागतं. अशा वेळी हात लगेच क्वांटाइझकडे जातो. एक कमांड दिली की प्रत्येक नोट जवळच्या रेषेवर जाऊन बसते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

क्वांटाइझ हे उत्तम साधन आहे, पण त्याला एक गोष्ट कळत नाही. ठोका यंत्रामुळे सरकला की वादकाने तो मुद्दाम तिथे ठेवला, हे त्याला ओळखता येत नाही. दोन्ही ते सारखंच पुसून टाकतं. म्हणून आधी यंत्राचा दोष शोधून वेगळा काढायचा आणि मगच वादनाला हात लावायचा, हा क्रम महत्त्वाचा आहे. यंत्राचा दोष शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही, कारण प्रत्येक दोषाची चाल वेगळी असते.

मिडीत आवाज नसतो

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसराही वाजत होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली ही सामाईक भाषा म्हणजे मिडी. तिच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाला.

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली आणि कधी सोडली एवढाच निरोप जातो. भातखंड्यांच्या स्वरलिपीतली ओळ जशी स्वतः गात नाही, कुणीतरी ती वाचून गावी लागते, तसंच हे. निरोप वाचून आवाज काढण्याचं काम पुढे कुठलंतरी वाद्य किंवा सॉफ्टवेअरमधला प्लगइन करतो.

सॉफ्टवेअरमध्ये नोटेची जागा सेकंदात नोंदली जात नाही. ती टिकमध्ये नोंदली जाते. एका मात्रेचे ४८० किंवा ९६० टिक अशी विभागणी नेहमी दिसते. १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे ४८० च्या विभागणीत एक टिक जेमतेम एका मिलिसेकंदाचा झाला. टेम्पो बदलला की टिकची लांबी बदलते आणि सगळ्या नोटा आपोआप पुढेमागे होतात. ध्वनिमुद्रित आवाज मात्र सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने या हिशेबाने साठवलेला असतो. टेम्पो बदलला तरी तो जागचा हलत नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये वेळ मोजण्याच्या या दोन पद्धती शेजारी नांदतात, आणि गोंधळाची बरीच मुळं इथेच सापडतात.

आधी विचारायचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न: नोट चुकीच्या जागी लिहिली गेली आहे, की बरोबर जागची नोट चुकीच्या वेळी ऐकू येते आहे? हे ठरवायला सोपी चाचणी आहे. एक नवा मिडी ट्रॅक घ्या. त्यात माउसने प्रत्येक मात्रेवर बरोबर रेषेवर एक नोट लिहा आणि तिला मंजिरी किंवा लाकडी ठोकळ्यासारखा टोकदार, चटकन उमटणारा आवाज द्या. हा ट्रॅक ऑडिओमध्ये उतरवा. आवाज बाहेरच्या कीबोर्डमधून येत असेल, तर त्याचा आउटपुट इंटरफेसच्या इनपुटला जोडून रेकॉर्ड करा. मग लहर मोठी करून प्रत्येक ठोक्याची सुरुवात रेषेपासून किती लांब आहे ते मोजा. इथे माणूस वाजवतच नाही, त्यामुळे जो फरक दिसेल तो पूर्णपणे यंत्राचा. फरक दिसला नाही, तर दोष रेकॉर्ड करतानाच्या वाटेवर किंवा वादनात आहे.

दुसरा प्रश्न: हा फरक कसा वागतो? प्रत्येक ठोका सारखाच उशिरा आहे, की एक थोडा उशिरा आणि दुसरा जास्त उशिरा अशी थरथर आहे, की गाणं सुरू होताना बरोबर आणि शेवटाकडे जाताना अंतर वाढत जातं? या तीन चाली आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पाचदहा ठोके मोजले की चाल कळते. तेवढं कळलं तरी अर्ध्याहून अधिक शक्यता बाद होतात.

सारखा उशीर

प्रत्येक ठोका ठरावीक अंतराने मागे असेल, तर पहिला संशयित बफर. संगणक आवाज एकेक नमुना करून पाठवत नाही, काही नमुन्यांचा गठ्ठा तयार झाला की तो पुढे ढकलतो. ४४,१०० च्या दराने १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२. यात इंटरफेसचा आणि ड्रायव्हरचा वेळ वेगळा धरायचा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर स्पीकरपासून साडेतीन मीटरवर बसून वाजवण्याइतका झाला, आणि तो बहुतेकांना चालतो. वीसपंचवीसच्या पुढे मात्र ताल वाजवणाऱ्याचा हात अडखळू लागतो.

या उशिराचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. कसलेला वादक ऐकू येणाऱ्या आवाजाला क्लिकशी जुळवायला बघतो. आवाज उशिरा येतोय हे जाणवलं की तो नकळत थोडा आधी आघात करायला लागतो. रेकॉर्डिंगमध्ये मग सगळ्या नोटा रेषेच्या आधी दिसतात आणि दोष वादकाच्या माथी येतो. सगळ्या नोटा एकाच दिशेला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेल्या असतील, तर त्या एकत्र निवडून तेवढ्याच सरकवाव्यात. एकेक नोट ओढून रेषेवर बसवू नये. एकत्र सरकवल्याने वादनातलं आपापसातलं अंतर शाबूत राहतं.

उपाय साधे आहेत. वाजवून रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८ ठेवावा, मिक्सिंगच्या वेळी वाढवावा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. स्टाइनबर्गने ही पद्धत याच कामासाठी आणली आहे. मॅकवर कोअर ऑडिओ हे काम करतो. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत वाजवू नये. त्यांचा उशीर बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो आणि कुठल्याही सेटिंगने तो पुरता जात नाही.

दुसरा संशयित प्लगइन. काही लिमिटर येणारा आवाज आधी बघून मग दाबतात, लिनिअर फेज इक्वलायझर मोठा तुकडा हातात घेतल्याशिवाय काम करत नाहीत. हे प्लगइन स्वतः वेळ घेतात, आणि सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवून सगळं जुळवून देतं. आधी लिहिलेल्या नोटा वाजवताना हे बेमालूम जमतं, कारण पुढे काय येणार हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. आत्ता दाबलेल्या पट्टीबद्दल मात्र त्याला आधी काहीच कळू शकत नाही, म्हणून तो सगळा उशीर वाजवणाऱ्याच्या वाट्याला येतो. बफर कमी करूनही हात जड वाटत असेल, तर मास्टर ट्रॅकवरचे प्लगइन बंद करून बघावेत. लॉजिक या सॉफ्टवेअरमधला लो लेटन्सी मोड आणि क्यूबेस या सॉफ्टवेअरमधलं कन्स्ट्रेन डिले कॉम्पन्सेशन यासाठीच आहेत.

तिसरं कारण आवाजाच्या स्वभावात असतं. तबल्याचा 'ना' क्षणात उमटतो. व्हायोलिनच्या ताफ्याचा किंवा बासरीचा सॅम्पल हळूहळू भरत जातो आणि कानाला तो स्वर भरल्यावरच 'आला' असं वाटतं. नोट बरोबर रेषेवर असली तरी स्वर मागे ऐकू येतो. अशा ट्रॅकला वजा मूल्याचा ट्रॅक डिले द्यावा, म्हणजे सगळा ट्रॅक काही मिलिसेकंद आधी वाजेल. किती, ते कानानेच ठरवायचं. आपण स्वतः रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलच्या सुरुवातीला शांततेचा तुकडा राहिला असेल, तर तो मात्र कापूनच टाकायला हवा.

थरथर

एक ठोका तीन मिलिसेकंद मागे, पुढचा पंधरा, त्यापुढचा सात, अशी चाल असेल तर त्याला जिटर म्हणतात. सारखा उशीर कानाला सवयीचा होतो. जिटर होत नाही, कारण त्यात ठोक्यांमधलं अंतरच बिघडतं. १२० च्या लयीत एका मात्रेत आठ बोल वाजवले तर दोन बोलांमध्ये ६२.५ मिलिसेकंद असतात. त्यात वीस मिलिसेकंदांची थरथर शिरली तर 'तिरकिट' ची लडी तुटल्यासारखी ऐकू येते.

जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलमध्ये याचं कारण रचनेतच आहे. ती सेकंदाला ३१,२५० बिट वाहून नेते. एक पट्टी दाबल्याचा निरोप तीन बाइटचा, प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात. म्हणजे एका नोटेला जवळपास एक मिलिसेकंद. निरोप एकामागून एकच जाऊ शकतात, त्यामुळे दहा बोटांचा कॉर्ड एकदम दाबला तरी शेवटची नोट पहिलीच्या नऊएक मिलिसेकंद मागून निघते. लागोपाठच्या निरोपांतला सामाईक बाइट गाळायची सोय मिडीत आहे, तिने हा वेळ थोडा वाचतो. खरी कोंडी होते ती मींड घेताना. पिचबेंडचं चाक फिरवलं की निरोपांची रांगच सुरू होते, आणि एका केबलमधून सेकंदाला हजाराच्या आसपासच निरोप जाऊ शकतात. त्याच केबलवर तालाचा ट्रॅक असेल, तर त्याचे ठोके या रांगेत अडकतात. बाहेरची वाद्यं वापरणाऱ्यांनी ताल आणि मींड वेगळ्या पोर्टवर ठेवावेत आणि रेकॉर्ड झालेल्या पिचबेंडमधले अनावश्यक बिंदू कमी करावेत. संगणकातल्या प्लगइनना ही केबलची मर्यादा लागू होत नाही.

मग संगणकात थरथर येते कुठून? एक कारण पुन्हा बफर. काही प्लगइन किंवा यजमान सॉफ्टवेअर बफरच्या मध्ये आलेली नोट पुढच्या गठ्ठ्याच्या सुरुवातीलाच वाजवतात. बफर मोठा असेल तर नोटा ओबडधोबड पायऱ्यांवर पडतात. बफर कमी केल्यावर थरथर त्याच प्रमाणात घटली, तर हेच कारण. दुसरं कारण वेळेची नोंद. नोट आल्यावर तिच्यावर आलेली वेळ कुणी लिहायची, मिडी ड्रायव्हरने की सॉफ्टवेअरने, यावर विंडोजमध्ये एकवाक्यता नसते. क्यूबेसमध्ये यासाठी सिस्टीम टाइमस्टॅम्प वापरण्याचा पर्याय आहे. रेकॉर्ड केलेल्या नोटा विचित्र जागी पडत असतील, तर तो एकदा चालू आणि एकदा बंद करून बघावा. याशिवाय कीबोर्ड यूएसबी हबऐवजी थेट संगणकाला जोडावा, लॅपटॉप वीज वाचवण्याच्या मोडमधून बाहेर काढावा, वायफाय बंद करून फरक पडतो का ते पाहावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जातो, पण कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आपल्याकडे ऑक्टापॅड घराघरांत नसला तरी गावोगावच्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत असतोच. १९८५ मध्ये आलेल्या रोलँडच्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचे आवाज नव्हते. तो फक्त मिडी निरोप पाठवणारा आठ खणांचा पॅड होता. पॅडवरून रेकॉर्ड करताना एका आघाताच्या दोन नोटा उमटणं हा नेहमीचा त्रास. पहिलीनंतर काही मिलिसेकंदांत दुसरी, बारीक जोराची नोट दिसते आणि ठोका दुभंगल्यासारखा ऐकू येतो. पॅडचा थ्रेशोल्ड वाढवला, रिट्रिगर कॅन्सल नीट लावलं की हे थांबतं. रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकमधल्या अशा नोटा जोर आणि अंतर बघून काढून टाकाव्यात. कीबोर्डवर प्रत्येक स्वर दोनदा, पोकळसर ऐकू येत असेल, तर कीबोर्ड स्वतःही वाजतोय आणि संगणकाकडून परत आलेला निरोपही वाजवतोय. कीबोर्डमध्ये लोकल कंट्रोल बंद केलं की ते जातं.

वाढत जाणारी घसरण

सुरुवात बरोबर आणि शेवट चुकलेला, ही चाल दिसली की बफर, केबल, प्लगइन हे सगळे निर्दोष. इथे दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालत आहेत. घसरण मोजली की कोणती घड्याळं ते उमगतं.

मिनिटाला पाव सेकंद अंतर पडत असेल तर टेम्पोचा अंदाज चुकला आहे. मूळ गाणं ११९.५ वर आणि प्रोजेक्ट १२० वर असेल तर बरोबर एवढाच फरक पडतो. जुन्या गाण्याच्या ऑडिओवर मिडी ट्रॅक बसवताना हे सर्रास होतं. गाणं जास्त जलद होऊन सूरही सुमारे दीड अर्धस्वराने चढला असेल, तर ४४,१०० ची फाइल ४८,००० च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता वाजते आहे. टेम्पोच्या चुकीत सूर बदलत नाही, या चुकीत बदलतो, हा फरक ओळखायला पुरेसा आहे. आणि घसरण मिनिटाला एकदोन मिलिसेकंद इतकीच असेल तर ती दोन उपकरणांमधल्या स्फटिकांची. दशलक्षात ५० भागांचा फरक मिनिटाला तीन मिलिसेकंद होतो. अरेंजर कीबोर्ड स्वतःच्या टेम्पोवर आणि सॉफ्टवेअर स्वतःच्या टेम्पोवर चालवलं की असंच होतं. एकाला मालक आणि दुसऱ्याला अनुयायी करावं. मिडी क्लॉक यासाठीच आहे. तो एका मात्रेला २४ स्पंदनं पाठवतो, १२० च्या लयीत दर २०.८ मिलिसेकंदांना एक.

आयात केलेल्या मिडी फाइलमध्ये टेम्पो वेगळा नोंदवलेला असतो. तो फाइलमध्ये नसेल तर १२० धरला जातो. फाइल उघडताना टेम्पो घ्यायचा की नाही असं सॉफ्टवेअरने विचारलं, तर उत्तर नीट विचार करून द्यावं.

रेषाच चुकीच्या असतील तर

कधी नोटा बरोबर असतात, यंत्रही बरोबर असतं आणि रेषांचं जाळं, म्हणजे ग्रिडच गाण्याचं नसतं. झपतालातलं गाणं चार मात्रांच्या खंडांत टाकलं की सम दर वेळी वेगळ्या जागी पडते. क्लिकचा जोर भलत्या मात्रेवर येतो आणि लूप कापताना आवर्तन तुटतं. रूपकासाठी सात, झपतालासाठी पाच किंवा दहा मात्रांचा खंड आधीच लावावा.

भजनाची गोष्ट त्याहून वेगळी. क्लिकशिवाय रेकॉर्ड केलेल्या भजनात लय वाढत जाते आणि तिने वाढायलाच हवं. त्यावर एकाच टेम्पोचं ग्रिड लादून नोटा क्वांटाइझ केल्या, तर चढत्या लयीचा जीवच जातो. अशा वेळी ग्रिडला गाण्यामागे न्यायचं असतं. क्यूबेसमधलं टेम्पो डिटेक्शन, लॉजिकमधला स्मार्ट टेम्पो, किंवा मात्रेमात्रेवर हाताने खुणा करून तयार केलेला टेम्पो नकाशा, यांपैकी काहीही चालेल. रेषा गाण्याप्रमाणे वाकल्या की पुढचं सगळं सोपं होतं.

मग क्वांटाइझ

आता जे अंतर उरलं, ते माणसाचं. त्यातलं काही निसटलेल्या हाताचं असेल, ते दुरुस्त करायलाच हवं. पण पूर्ण जोराने सगळं रेषेवर बसवण्याआधी क्वांटाइझचं प्रमाण चाळीसपन्नास टक्क्यांवर ठेवून ऐकावं. प्रत्येक नोट रेषेच्या दिशेने अर्धीच सरकते आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. ठोकळेबाज लय मोडायची सोय या साधनांत जुनीच आहे. रॉजर लिन यांनी १९८० मध्ये आणलेल्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये क्वांटाइझबरोबरच स्विंगही होता. स्विंग म्हणजे दोन सोळांश नोटांच्या जोडीतली दुसरी किंचित मागे ढकलायची. १२० च्या लयीत ही जोडी २५० मिलिसेकंदांची. पन्नास टक्क्यांना ती १२५-१२५ अशी सरळ विभागते, तर ६६ टक्क्यांना १६५ आणि ८५, म्हणजे जवळजवळ तिस्र जातीच्या चालीची होते.

लावणीतल्या ढोलकीचे मधले बोल गणिताच्या मध्यावर पडत नाहीत, दादऱ्याची लग्गीही नाही. ते किती झुकतात यावर वादकाची ओळख ठरते. चांगल्या ढोलकीवाल्याचा एखादा ठेका मिळाला, तर त्याच्याच अंतरांवरून ग्रूव्ह टेम्प्लेट काढून बाकीचे तालवाद्यांचे ट्रॅक त्यावर बसवता येतात. मग सगळा ताफा एका माणसाच्या लयीत वाजतो, आणि ती लय कोणत्याही ग्रिडपेक्षा गाण्याच्या जवळची असते.

हा सगळा क्रम एकदा अंगवळणी पडला की त्याला फार वेळ लागत नाही. चाचणीचा ट्रॅक एकदा बनवून टेम्प्लेटमध्ये ठेवला की प्रत्येक नव्या मशीनवर, नव्या इंटरफेसवर तो लगेच चालवून बघता येतो. या कष्टांचं कारण एवढंच की ढोलकीवादक एखादा बोल किंचित थांबवून समेवर येतो, तेव्हा ते थांबणं त्याने वर्षानुवर्षांच्या रियाजाने कमावलेलं असतं. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवणं ही रेकॉर्डिंग करणाऱ्याची जबाबदारी आहे. यंत्राचा उशीर मोजून वजा केल्यावरच त्या थांबण्याला हात लावायचा की नाही, हे प्रामाणिकपणे ठरवता येतं.